इंग्रजीच्या तासाला तोंड पोरांचं चाललं पाहिजे

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं की नवीन नेमणूक आहे, साक्री तालुक्यात द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी तुमच्याकडे आणि तिसरी-चौथीचं इंग्रजीपण तुमच्याच वाट्याला आलंय. पोरं गाणी मस्त म्हणतात, हातवारे करतात, पण पुस्तक उघडलं की वर्ग थंड पडतो, चौथीच्या निम्म्या पोरांना साधा तीन अक्षरी इंग्रजी शब्द वाचता येत नाही, काही जण मराठीतही अडखळतात, आणि तुम्ही विचारताय की तास रंजक करायला कोणते खेळ घेऊ आणि कोणतं साहित्य बनवू.

मी आधी धडगावकडे सातपुड्यात आणि मग चोपडा तालुक्यात, सगळी नोकरी पहिली ते चौथीलाच शिकवलं, त्यामुळे खाली लिहितोय ते बहुवर्ग शाळेत, खडू-फळ्यावर चालतं असंच लिहितोय. खेळ सांगतोच. पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा, पोरगं तासाला रमतं ते त्याला काहीतरी जमायला लागलं म्हणून. रंगीत तक्ता दोन दिवस बघतात, मुखवटे-टोप्या फार तर आठवडाभर पुरतात, पण काल जो शब्द वाचता येत नव्हता तो आज स्वतःच्या जोरावर वाचला ना, की तेच पोरगं मधल्या सुट्टीत खिचडीचं ताट हातात घेऊन तुमच्या मागे मागे फिरतं, मॅडम अजून एक द्या ना, अजून एक द्या ना. म्हणून कुठलाही खेळ निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: यात प्रत्येक पोराचं तोंड किती वेळ चालणार, आणि खेळ संपल्यावर त्याला असं काय वाचता-बोलता येईल जे सकाळी येत नव्हतं. या दोन्हीत बसत नसेल तर तो खेळ कितीही देखणा असू दे, मी घेत नाही.

पहिल्या गोष्टीचा हिशोब करून बघा. समजा ३५ मिनिटांची तासिका आहे आणि वर्गात २८ पोरं आहेत. एकेकाला उभं करून विचारलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिनिट येतं, त्यातलं निम्मं उठण्यात आणि लाजण्यात जातं, आणि तोवर बाकीची २७ पोरं नुसती बसलेली. प्रशिक्षणात दाखवतात त्यातले बरेच खेळ असेच असतात, एक जण पुढे येतो, डब्यातून चिठ्ठी काढतो, सगळे टाळ्या वाजवतात, फोटो फार छान येतो. तोच खेळ जोडीजोडीत घेतला की एका वेळी १४ तोंडं चालतात. गोंगाट होतो, होऊ द्या, शेजारच्या वर्गातल्या सरांना आधी कल्पना देऊन ठेवा म्हणजे झालं. जोडी लावताना एक हुशार आणि एक कच्चं असं लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो फारसा पटत नाही, कारण हुशार पोरगं दोघांचं बोलून मोकळं होतं आणि दुसरं मान हलवत बसतं. साधारण सारख्या तयारीची दोघं एकत्र बसवा आणि आठवड्याला जोड्या बदला, दोघांनाही डोकं चालवावं लागतं.

आता पुस्तक उघडलं की वर्ग थंड का पडतो तिकडे येतो, खरं दुखणं तिथेच आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, पण शिकवायची रीत बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिली, सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. सूर लावून म्हणतात, ऐकायलाही बरं वाटतं. आता पोराच्या बाजूने विचार करा, मराठीत त्याने शिकलंय की क ला क म्हणायचं आणि शब्दातही तो क च वाजतो. अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज आपल्याकडे जवळजवळ एकच. तीच समज घेऊन ते इंग्रजीकडे येतं आणि इथे सी, ए, टी ही तीन नावं जोडली तर सीएटी होतं, मग कॅट आलं कुठून? एच च्या नावात ह नाही, डब्ल्यू च्या नावात व नाही. पोराची अशी समजूत होते की इंग्रजी वाचायचं नसतंच, पाठ करायचं असतं, आणि ज्याचं पाठांतर कच्चं ते हळूच मागच्या भिंतीला जाऊन टेकतं. ते पोरगं ढ नसतं हो ताई, त्याला अक्षराचा आवाज कोणी सांगितलेलाच नसतो.

म्हणून नावं नंतर, आवाज आधी. आणि ए बी सी डी च्या क्रमाने जायची गरज नाही. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं आधी घ्या, जॉली फोनिक्स या, आवाजावरून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या पद्धतीचा पहिला गट हाच आहे आणि त्यामागचं कारण सरळ आहे, या सहाच अक्षरांत सॅट, सिट, टॅप, टिप, पिन, पॅन, टिन, नॅप, ॲन्ट इतके शब्द तयार होतात. ए पासून ओळीने गेलात तर टी यायला किती दिवस जातील आणि तोवर पोराच्या हाताला वाचण्यासारखं काय लागणार? रोज एक आवाज, शनिवारी नुसती उजळणी, म्हणजे एक-दीड आठवड्यात पोरगं खरं वाचायला लागतं, सहाच अक्षरांत का होईना.

आवाज शिकवताना आपल्या पोरांची एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगून ठेवतो. आपल्या अक्षरात अ चिकटलेलाच असतो, त्यामुळे पोरं 'क-ॲ-ट' असं पूर्ण क, पूर्ण ट म्हणतात आणि ते जोडलं की काहीतरी 'कअ‍ॅटअ' निघतं, पोरं स्वतःच गोंधळतात. यावर इलाज आपल्याच मराठीत आहे. दुसरीपासून पोरांना पाय मोडलेलं अक्षर माहीत असतं. सरळ सांगायचं, इंग्रजीतली ही सगळी अक्षरं पाय मोडलेली आहेत, ट नाही म्हणायचं, ट् म्हणायचं. एवढं एक वाक्य सांगितलं की पुढचं जोडणं फार सोपं होतं. तसंच पेन आणि पॅन, कट आणि कॉट यातला फरक कानाला लवकर कळत नाही. खान्देशातली पोरं ब्याट आणि प्यान म्हणतात, त्यांना हसू नका आणि कोणाला हसूही देऊ नका, ते आवाजाच्या अगदी जवळ आलेले असतात. तुम्ही फक्त पुढच्या वाक्यात तो शब्द बरोबर म्हणा, 'येस, बॅट, गिव्ह मी द बॅट', आणि पुढे चला. बोलणाऱ्या पोराला मध्येच थांबवून उच्चार सुधारायला लागलात तर दोन दिवसांत ते बोलायचं थांबतं.

आता चिंचोक्यांचा खेळ, मला विचाराल तर पहिली-दुसरीसाठी यापेक्षा कामाचं साहित्य नाही. खडूने फरशीवर शेजारीशेजारी तीन चौकोन काढायचे, प्रत्येक जोडीला मूठभर चिंचोके द्यायचे. तुम्ही म्हणा 'मॅप'. पोरं तो शब्द ओढून म्हणतात, म्म्म्-ॲ-प्, आणि एकेका आवाजाला एकेक चिंचोका चौकोनात सरकवतात. अक्षर अजून आणायचंच नाही. दोन-तीन दिवस नुसते चिंचोके सरकवू द्या, शब्दात तीन आवाज आहेत हे कानाला आणि बोटाला कळू द्या. मग चिंचोक्यांच्या जागी अक्षरांचे पुठ्ठे आणा. पुठ्ठे विकत घेऊ नका, लग्नपत्रिका गोळा करा, लग्नसराई संपली की गावात घराघरात गठ्ठे असतात, मागची कोरी बाजू वापरायची. मॅप लावून झाला की सांगा, शेवटचा आवाज बदला आणि मॅन करा. पोरगं पी उचलतं आणि एन ठेवतं. मग मॅनचं कॅन, कॅनचं कॅट, कॅटचं कॉट, कॉटचं पॉट, पॉटचं पेट. सात शब्द वाचून झाले, लिहून झाले आणि एकही पाठ करावा लागला नाही. चौकोनांची ही पद्धत मुळात सोव्हिएत रशियातल्या डॅनिल एल्कोनिन या मानसशास्त्रज्ञाची, जगभर वापरतात, आपल्याकडे चिंचोके फुकट मिळतात एवढाच फरक.

एकदा तिसरीतल्या एका पोराने, वर्गात फारसं न बोलणारा होता, पिन हा शब्द लावला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसला. मग माझ्याकडून खडू मागून घेतला, पहिल्या चौकोनाच्या अलीकडे चौथा चौकोन स्वतःच काढला, त्यात एस ठेवला आणि एकदम ओरडला, "स्पिन! गुरुजी, स्पिनर!" क्रिकेटमधून आलं होतं ते. चौथा चौकोन मी शिकवलेला नव्हता. त्या दिवशी त्याने अख्ख्या वर्गाला चार चौकोनांचे शब्द करायला लावलं, स्टॉप निघाला, स्टंप काढताना मात्र चौकोन कमी पडले, मग पाचवा काढला. असं पोरगं पुन्हा मागच्या भिंतीला टेकत नाही.

याच्यावरून एक सांगतो, आपल्या पोरांकडे इंग्रजी शब्दांचा साठा भरपूर असतो, फक्त ते इंग्रजी आहेत हे त्यांना माहीत नसतं. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासोबत यादी करा. क्रिकेटमधून बॅट, बॉल, आउट, रन, सिक्स, विकेट. शेतातून मोटर, पाईप, ड्रीप, पंप, ट्रॅक्टर, ट्रॉली. एसटीतून बस, स्टॉप, तिकीट, कंडक्टर. घरातून टीव्ही, चार्जर, फॅन, कप, बकेट. फळा भरून जातो आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, आपल्याला एवढं इंग्रजी येतं! मग त्यातले वाचायला सोपे शब्द, बॅट, बस, कप, फॅन, रन, पंप, हे आवाजाने वाचायला घ्या, आणि अवघड स्पेलिंगचे बाजूला ठेवा, ते बोलण्यात वापरा. रविवारी बिस्किटाचे, साबणाचे, बियाण्याच्या पाकिटांचे कागद आणायला सांगा, त्यावरचं मोठ्या अक्षरातलं काय वाचता येतं ते सोमवारी बघायचं. हे कागद चिकटवून प्रत्येकाची एक वही केली की ती त्याने वाचलेली पहिली इंग्रजी वही होते.

सगळेच इंग्रजी शब्द आवाजाने वाचता येत नाहीत हेही खरं. द, वॉज, सेड, यू, आर, हे शब्द प्रत्येक ओळीत येतात आणि नियम पाळत नाहीत. एडवर्ड डोल्च नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३६ मध्ये अशा सारख्या सारख्या येणाऱ्या २२० शब्दांची यादी केली होती, ती आजही वापरात आहे, इंटरनेटवर सहज मिळते. त्यातले आठवड्याला चार-पाचच घ्या आणि सुटे देऊ नका, वाक्यात द्या. 'आय सी अ...' असं फळ्यावर लिहून पुढची जागा मोकळी सोडा आणि पोरांना भरू द्या. या शब्दांपुरतं पाठांतर चालेल, त्याला माझी हरकत नाही.

आता माझ्या सगळ्यात जवळचा विषय, पोरांच्या तोंडून आलेल्या मजकुराचं वाचन. पुस्तकातला धडा चांगला असतो, पण त्यातली बाग, त्यातला वाढदिवसाचा केक, त्यातला समुद्र साक्रीच्या पोराला आपला वाटेलच असं नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या शिक्षिका तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या पोरांना शिकवायच्या, त्या रोज सकाळी एकेका पोराला विचारायच्या की आज तुला कोणता शब्द हवा, आणि पोरगं सांगेल तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायच्या. पोरांनी स्वतः मागितलेला शब्द पोरं विसरत नाहीत. आणि एवढं लांब जायचीही गरज नाही, आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या काम करता करता म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं उतरवून घ्यायची, म्हणून आज आपण ते वाचतोय. बोलणाऱ्याने बोलायचं, लिहिता येणाऱ्याने लिहून घ्यायचं आणि मग बोलणाऱ्यालाच ते वाचायला द्यायचं, वर्गात करायचं ते एवढंच.

कसं होतं ते दाखवतो. दुसरीतली एक पोरगी सकाळी हिरमुसून आली, विचारलं तर म्हणे, "मनी बकरीनी मनं पुस्तक खाई टाकं." वर्ग हसला, मी ते वाक्य जसंच्या तसं अहिराणीत फळ्यावर लिहिलं. पोरांनी पहिल्यांदा आपली घरची बोली फळ्यावर बघितली, दोन-तीनदा वाचून घेतलं, कोणाला अडचण आली नाही कारण शब्द त्यांचेच होते. खाली पुस्तकातल्या मराठीत लिहिलं, माझ्या बकरीने माझं पुस्तक खाल्लं. आणि त्याच्या खाली इंग्रजीत, 'माय गोट एट माय बुक'. मग विचारलं, बकरी अजून काय काय खाते? मग काय, पाऊस पडला, माय गोट एट माय कॅप, माय गोट एट माय बॅग, माय गोट एट द रोटी, शेवटी एकाने माय गोट एट द मोबाईल पण केलं. प्रत्येकाने कागदावर एक वाक्य लिहिलं, वर चित्र काढलं, सुतळीने शिवून आठ पानांचं पुस्तक झालं. ते पुस्तक मग वर्गातली सगळी पोरं रोज वाचायची, जिची बकरी ती तर घरी नेऊन आजीला वाचून दाखवायची. एकाच साच्याचं वाक्य प्रत्येक पानावर आल्यामुळे सगळ्यात कच्च्या पोरालाही ते वाचता आलं, आणि व्याकरणातला काळ मी शिकवलासुद्धा नव्हता.

बोलीबद्दल हात जोडून सांगतो ताई, वर्गात अहिराणी, पावरी, भिल्ली, गुजरी, लेवा बोली बोलणाऱ्या पोराला 'नीट बोल' म्हणू नका. धडगावच्या पोराला मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. तुम्हाला पावरी येत नसेल तर पोरांकडून शिका, पाणी, भाकर, बकरी, डोंगर एवढे शब्द त्यांनाच विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, मॅडमला आपण शिकवतोय या आनंदात तीच पोरं इंग्रजीला तोंड उघडतात. आणि जी पोरं मराठी वाचनात अडखळतात त्यांना इंग्रजीची घाई करू नका, त्यांचं मराठी वाचन आधी मोकळं करा, अक्षरावरून आवाज काढून शब्द जोडायची युक्ती एका लिपीत हाताला बसली की दुसरीत सोपी जाते. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये आलं तेव्हाही ध्येय हेच होतं की तिसरी संपेपर्यंत पोराने समजून वाचावं, आणि समजून वाचणं ही सवय एकच असते, भाषा कुठलीही असो.

बोलण्यासाठी रोजची पाच-सात मिनिटं आज्ञांच्या खेळाला द्या. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली, शिक्षकाने सांगायचं आणि पोराने अंगाने करून दाखवायचं, सुरुवातीला पोराने बोलायचीच सक्ती नाही. वर्गाबाहेर काढा त्यांना, 'टच द ट्री, रन टू द गेट, जंप थ्री टाइम्स, गिव्ह द बॉटल टू युवर फ्रेंड'. आठवडाभराने उलटं करा, पोरं सांगतील आणि मॅडम करतील. मॅडमला 'सिट डाऊन, स्टँड अप' करायला लावायला मिळतंय म्हटल्यावर जे पोरगं वर्षभर बोललं नाही तेही बोलतं, हे मी खात्रीने सांगतो. इथे प्रत्येक वाक्य खऱ्या कामाला जोडलेलं असतं म्हणून अर्थ मराठीत सांगत बसावं लागत नाही.

गाण्यांबद्दल, तुमची पोरं गाणी म्हणतात ते चांगलंच आहे, बंद करू नका. फक्त गाणं फळ्यावर लिहा आणि म्हणताना काठी शब्दाशब्दावरून फिरवा, दोन दिवसांनी काठी पोरांच्या हातात द्या. मग एक शब्द पुसा आणि तिथे दुसरा घाला, गाण्यात ससा असेल तर बैल आणा, पोळ्याच्या आठवड्यात तर आणाच. पुसलेल्या जागी काय होतं हे ओळखायला पोरांना खरंच वाचावं लागतं. टीव्ही किंवा टॅब असेल तर त्यावरही तेच, आधी आवाज बंद करून दाखवा आणि काय चाललंय ते पोरांना बोलू द्या, नाहीतर ती नुसती करमणूक होते. लाईट गेली की बिघडतं सगळं, म्हणून मी त्यावर फार विसंबत नाही.

रोज दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने गोष्ट वाचून दाखवा, हे मात्र चुकवू नका. एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीवर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तिथे मराठी, इंग्रजी आणि इतर भाषांतल्या गोष्टी चित्रांसकट फुकट मिळतात, पातळीनुसार लावलेल्या आहेत, मोबाईलवर उतरवून घ्या, नेट नसलं तरी चालतं. त्यातली एखादी छोटी गोष्ट निवडून चार्ट पेपरवर मोठ्या अक्षरात उतरवा म्हणजे मागच्या पोरालाही ओळ दिसते. पान उलटायच्या आधी थांबा, आता काय होईल असं विचारा, पोरं मराठीत, अहिराणीत काहीही सांगू देत, तुम्ही त्यांचं उत्तर सोप्या इंग्रजीत परत म्हणा आणि पान उलटा. एकच गोष्ट आठवडाभर वाचली तरी पोरं कंटाळत नाहीत, उलट तिसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर म्हणायला लागतात. बाकी पुस्तकं कपाटात कुलपात ठेवू नका, सुतळी बांधून त्यावर वाळत घातल्यासारखी लटकवा, फाटली तर फाटू द्या, पुस्तक वापरून फाटलं याबद्दल कोणी जाब विचारलाच तर कोणत्या पोराने ते किती वाचलं हे सांगा.

तुमच्या चौथीच्या निम्म्या पोरांचं काय करायचं? त्यांना चौथीचं पुस्तक सध्या पुढे करू नका. तिसरी-चौथी एकत्र घ्या आणि इयत्तेऐवजी तयारीप्रमाणे तीन गट करा, ज्यांना आवाजच माहीत नाहीत ते, जे तीन अक्षरी शब्द वाचतात ते, आणि जे वाक्य वाचतात ते. 'प्रथम' नावाची संस्था मराठी-गणितासाठी हे बरीच वर्षं करतेय, इंग्रजीलाही चालतं. पहिल्या गटाजवळ तुम्ही स्वतः बसा, दुसरा गट पुठ्ठ्यांवर शब्द बदलत बसेल, तिसरा जोडीने वाचेल नाहीतर पुस्तक शिवत बसेल. गट दर पंधरवड्याला बदला आणि गटांना हुशार-ढ कळेल अशी नावं देऊ नका, तापी, पांझरा, गिरणा अशी नद्यांची द्या. गट ठरवताना पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचायला लावू नका, बरीच पोरं तो घडाघडा म्हणतात आणि बोट तिसऱ्याच ओळीवर असतं. त्यांनी कधी न पाहिलेले पाच शब्द लिहून द्या, किंवा अर्थ नसलेला एखादा शब्द द्या, 'निप्सॅट' असं काहीतरी. जो आवाज जोडून वाचतो त्याला वाचता येतं, बाकीच्यांना अजून शिकवायचंय, एवढा साधा निकष आहे.

आणखी एक, ही आपल्या भागाचीच अडचण आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणीला पोरं जातात, काही कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात निघून जातात, होळीला सातपुड्यातली पोरं आठवडाभर दिसत नाहीत. सलग साखळी लावून शिकवलं तर परत आलेल्या पोराला काहीच लागत नाही आणि ते कायमचं मागे पडतं. म्हणून दर सोमवारी मागच्या सगळ्या आवाजांची पाच मिनिटं फेरी घ्या, आणि प्रत्येक पोराच्या नावाचं एक जुनं पाकीट भिंतीवर लावा, त्यात त्याच्या शब्दपट्ट्या, त्याने लिहिलेली पानं. बाहेरगावी जाणाऱ्या पोराला पाकीट बरोबर द्यायचं, पुठ्ठ्याची अक्षरं आणि बकरीच्या पुस्तकासारखं एखादं पुस्तक त्यात टाकायचं. आईबापाला वाचता येत नसलं तरी ते पोराला 'वाच पाहू' एवढं म्हणतात, ते पुष्कळ असतं.

पालकांचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो येणारच, गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस येते आणि लोक म्हणतात तिकडची पोरं फाडफाड बोलतात. त्यांना समजावत बसू नका, दाखवा. १५ ऑगस्टला भाषणाऐवजी चार पोरांना त्यांनी स्वतः केलेलं पुस्तक गावासमोर वाचू द्या, आधी बोलीत, मग मराठीत, मग इंग्रजीत. समोर बसलेल्या एखाद्या बापाला वाटेल तो शब्द सांगू द्या आणि पोराला तो लग्नपत्रिकेच्या अक्षरांनी जुळवू द्या. रोजच्या परिपाठातही जागा आहे, अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी पोरांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, तुम्ही फळ्यावर रोज तीन ओळींची बातमी काढा, आज वार कोणता, हवा कशी, गावात काय झालं. 'टुडे इज मंडे. इट इज हॉट. द बस इज लेट.' वाचणारं पोरगं रोज वेगळं. उन्हाळ्याच्या तोंडाशी हॉट हा शब्द रोज येतो, मग पोरंच 'व्हेरी हॉट, व्हेरी व्हेरी हॉट' करत सुटतात.

अधिकारी भेटीला आले आणि फरशीवर चौकोन, भिंतीवर पाकिटं आणि गोंगाट बघून काही बोलले तर वाद घालू नका, कुठलंही पोरगं उभं करा आणि साहेबांनाच म्हणा की तुम्ही एक नवीन शब्द लिहा.

सुरुवात मात्र सगळं एकदम करू नका. पहिला पंधरवडा फक्त तीन गोष्टी, सहा आवाज, आज्ञांचा खेळ आणि रोजची गोष्ट. चिंचोके पोरांनाच आणायला सांगा, पोतं भरून आणतात. पुस्तक शिवायचं काम दुसऱ्या महिन्यात घ्या, तोवर तुम्हालाही कळेल कोणतं पोरगं घरी काय बोलतं. जोडीत बसवताना किंवा गट करताना कुठे अडलं तर वर्गाचा पट आणि कोण काय वाचतं एवढं लिहून पाठवा, मी बघून सांगतो.